भंगारातली मिलिटरीची नळी, मागून वेल्ड करून तोफ: उडवायची का नाही?

पारोळेकर:
राम राम मंडळी. आमच्या मंडळात एका गोष्टीवरून दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतोय. येत्या १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला डीजे नको असं सगळ्यांचं ठरलं, ते चांगलंच झालं, पण मग मिरवणुकीला दणका कशाचा, तर पोरांचं म्हणणं खऱ्या तोफेची सलामी द्यायची. धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे जाड नळीचा तुकडा आहे, आतून साधारण ४० एमएम, तो म्हणतो लष्कराच्या लिलावातली तोफेची नळी आहे. एका बाजूला गॅस कटरनं कापलेली आहे. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतो मागून बूच वेल्ड करून देतो, बत्तीसाठी भोक पाडतो, काम फत्ते. गोळा वगैरे काही टाकायचा नाही, फक्त काळी दारू आणि कागदाचा बोळा, नुसता आवाज आणि धूर. माझं मत करावं असं आहे कारण नळी मिलिटरीची म्हणजे मजबूतच असणार, आणि पारोळ्यासारख्या किल्ल्याच्या गावात सलामी ही डीजेपेक्षा कधीही बरी. पण मंडळातले दोन-तीन जण अडून बसलेत. तुम्ही काय म्हणता?

भुसावळचा निवृत्त:
भाऊ, करू नका. आमच्या वरणगाव-भुसावळ पट्ट्यात घरटी कुणीतरी फॅक्टरीत होतं, माझीही सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, म्हणून स्पष्ट बोलतो. पहिला प्रश्न हा की ती नळी भंगारात आलीच काबरं? तोफेच्या नळीला आयुष्य असतं. इतके राउंड झाले की ती काढून टाकतात, कारण आतल्या पृष्ठभागावर उष्णतेनं बारीक बारीक चिरांचं जाळं तयार होतं आणि दर राउंडला त्यातली एखादी चीर थोडी आत सरकते. बाहेरून नळी नवी कोरी दिसते. म्हणजे तुम्ही जिला मजबूत म्हणता तिला लष्करानं आता हिच्यावर भरवसा नाही म्हणून बाहेर काढलेलं असतं. आणि लिलावात देताना मुद्दाम कापून देतात, कुणी परत वापरू नये म्हणूनच कापतात. त्या कापलेल्या तोंडापाशी स्टील आधीच भाजून निघालंय आणि तुमचा फॅब्रिकेशनवाला नेमकं तिथंच बूच बसवणार.

दुसरं, ती खरंच तोफेची आहे हे कुणी सांगितलं, भंगारवाल्यानं. हायड्रॉलिक सिलेंडरची नळी, बोअरिंगचा जाड पाइप, काहीही मिलिटरीचं म्हणून खपतं, गिऱ्हाईक जास्त पैसे देतं म्हणून.

गॅरेजवाला धुळे:
निवृत्त काका, तुमच्या अनुभवाचा मान आहे पण तुम्ही घाबरवताय असं मला वाटतं. जरा हिशोब बघू. अशी नळी बिनधुराच्या दारूसाठी बनवलेली असते, तिचं प्रेशर हजारो बारमध्ये (हे दाबाचं माप) असतं, काळी दारू त्याच्या जवळपास पण जात नाही. त्यात गोळा नाही, पुढचं तोंड उघडं, गॅस सरळ बाहेर निघून जाणार, प्रेशर साठणार कुठे? आणि वेल्डिंगचं म्हणाल तर बॉयलर वेल्डिंगचे, घरातला गॅस सिलेंडर वेल्डिंगचा, ट्रकचा एअर टँक वेल्डिंगचा, आपण रोज त्यांच्याजवळ बसतो. इंजिनियरिंगवाले पण सांगतील, बंद सिलेंडरमध्ये लांबीच्या दिशेचा ताण हा गोलाईतल्या ताणाच्या निम्मा असतो, म्हणजे मागच्या बुचाच्या जोडावर नळीच्या भिंतीपेक्षा कमीच लोड. चांगला हात असलेला वेल्डर, ७०१८ चा म्हणजे कमी हायड्रोजनचा रॉड, वेल्डचे दोन-तीन थर मारले तर काही होत नाही. उगाच सगळं बंद बंद करून आपल्या पोरांच्या हातात मोबाइलशिवाय काही ठेवायचंच नाही का. हातानं काहीतरी बनवायची हौस आहे तर ती नीट मार्गाला लावा.

जळगाव एनडीटी:
मी जळगाव एमआयडीसीत प्रेशर व्हेसल आणि पाइपच्या वेल्डची तपासणी करते, एनडीटी म्हणजे वस्तू न तोडता आतले दोष शोधणं, रोजचं काम हेच. गॅरेजवाले दादा, तुमचं निम्म्या ताणाचं गणित पुस्तकात बरोबर आहे पण ते पातळ भिंतीच्या सिलेंडरचं आहे आणि त्यात जोड पूर्ण जाडीचा आणि निर्दोष धरलेला असतो. इथे होणार काय, तर बूच आत सरकवून बाहेरून कडेनं वेल्ड. म्हणजे आतल्या बाजूला बूच आणि नळी यांच्यामध्ये एक फट तशीच राहणार, आणि ती फट म्हणजे तयार चीर आहे, तिच्या टोकाला ताण कितीतरी पट वाढतो. गॅस त्या फटीत घुसतो तो वेगळाच.

आता बुचावर लोड किती ते बघा. ४० एमएम व्यासाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. प्रेशर नुसतं ५०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरा, तरी सव्वासहा टन. १००० धरलं तर साडेबारा टन. हे लोड क्रेननं हळूहळू उचलल्यासारखं येत नाही, सेकंदाच्या हजाराव्या भागांत येऊन आदळतं, आणि ते सगळं एका गोल वेल्डवर, ज्याच्या मुळाशी काय झालंय ते कुणी बघितलेलं नाही.

आणि खरी गोची स्टीलची. बॉयलरला, सिलेंडरला जे स्टील घेतात ते कमी कार्बनचं, वेल्डिंग व्हावं म्हणूनच निवडलेलं. तोफेचं स्टील निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं, कार्बन ०.३ ते ०.४ टक्क्यांच्या आसपास, पाणी देऊन टेम्पर केलेलं. त्याला वेल्डची उष्णता लागते आणि बाजूचं जाड थंड लोखंड ती एका झटक्यात खेचून घेतं, तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाणी पडावं तसं, आणि वेल्डच्या कडेची पट्टी कडक पण ठिसूळ होऊन बसते. त्यात रॉड दमट असला की हायड्रोजन आत जातो. मग वेल्ड झाल्यावर लगेच काही दिसत नाही, एक-दोन दिवसांनी आतल्या आत चीर जाते. वेल्डर घरी गेलेला असतो, पैसे घेऊन झालेले असतात, वरून ग्राइंडर मारून रंग पण दिलेला असतो. ७०१८ चा रॉड ओव्हनमध्ये तापवून काढल्याशिवाय त्याचं नाव नुसतं नावच. आणि वेल्डर कितीही भारी असला तरी हे स्टील नेमकं कुठलं हेच माहीत नसेल तर तो कशाच्या जोरावर ठरवणार किती तापवायचं आणि नंतर किती वेळ भट्टीत ठेवायचं? हाताची कला इथे पुरत नाही हो.

बॉयलरचं उदाहरण दिलंत म्हणून सांगते, त्याला १९५० चे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स लागू आहेत, वेल्डरला परीक्षा, जोडाचा एक्स-रे, वरून दरवर्षीची तपासणी. वेल्डिंगचे आहेत म्हणून आपण बॉयलरजवळ निर्धास्त बसत नाही, तपासलेले आहेत म्हणून बसतो.

गॅरेजवाला धुळे:
ताई मुद्दा पटला, फटीचा खास करून. पण मग टेस्ट करा ना. डाय पेनिट्रंट म्हणजे चिरेत शिरणारा रंग मारा, पाणी भरून पंपानं दाब देऊन हायड्रो टेस्ट करा, तुमच्याकडे तर सगळी साधनं आहेत. टेस्ट पास झाली तर मग हरकत काय?

जळगाव एनडीटी:
डाय फक्त वरची चीर दाखवतो, मुळाची नाही. हायड्रोमध्ये प्रेशर सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, तेवढ्यापुरता जोड धरला इतकंच कळतं, दणक्याला धरेल का ते कळत नाही. आत चीर असेल तर टेस्टमध्येच ती थोडी पुढे गेलेली असू शकते. पास झालेली वस्तू पुढच्या बारालाच जाऊ शकते. आणि मुळात कशावर टेस्ट करू दादा, डिझाइन प्रेशर लिहिलेला कागद आहे का? दारू किती ठासणार, किती घट्ट ठासणार हे मिरवणुकीतल्या पोराच्या जोशावर आहे. आवाज कमी वाटला की दुसऱ्या बाराला मूठभर जास्त जाणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

किल्लेप्रेमी यावल:
इतिहासातली दोन उदाहरणं देतो कारण ती याच विषयाची आहेत.

२८ फेब्रुवारी १८४४. अमेरिकेच्या आरमाराचं प्रिन्स्टन नावाचं जहाज, त्यावर पीसमेकर नावाची १२ इंची प्रचंड तोफ. ती ओतीव नव्हती, घडीव लोखंडाच्या कांबी भट्टीत तापवून एकमेकींना जोडून बनवलेली होती, म्हणजे त्या काळचं वेल्डिंगच. जहाजावर राष्ट्राध्यक्ष टायलर, मंत्री, बायकामाणसं, सगळे सहलीला गेल्यासारखे आलेले. त्याच फेरीत तोफ आधी नीट उडाली. मग लोकांनी अजून एकदा उडवा म्हटलं आणि ती मागच्या बाजूला फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री दोघं जागीच गेले, एकूण ६ जण मेले, राष्ट्राध्यक्ष खाली होते म्हणून वाचले. नंतर चौकशीत जोडकामच कच्चं निघालं. देशाचं नौदल होतं ते, पैसा होता, कारखाने होते. आणि आधी उडाली होती हे लक्षात घ्या, कारण आपल्याकडे पहिला बार नीट गेला की सगळे निर्धास्त होतात आणि जवळ सरकतात.

दुसरं अगदी अलीकडचं. फेब्रुवारी २०२१, अमेरिकेतलं मिशिगन राज्य, एका घरी बेबी शॉवर म्हणजे आपल्या डोहाळजेवणासारखा कार्यक्रम. अंगणात छोटी सलामीची तोफ उडवली. गोळा नाही, काही नाही, नुसता आवाज, ज्वाळा आणि धूर यासाठी बनवलेली. ती फुटली, तुकडे उडाले, १०-१५ फुटांवर उभा असलेला २६ वर्षांचा पाहुणा मेला. गोळा नाही म्हणून धोका नाही हे म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. तोफ फुटली की तोफच गोळा होते.

स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स पण १४६० मध्ये स्वतःच्याच तोफेजवळ उभा राहून असाच गेला, तो विषय जुना म्हणून सोडतो.

शिंदखेड्याचा आप्पा:
मी दुसऱ्या बाजूनं बोलणार. तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात, पण सलामीची परंपरा ही काय आज काढलेली नाही. यात्रेत, पालखीला, उखळी बार महाराष्ट्रात किती गावांत उडतात. मध्य प्रदेशात रायसेनच्या किल्ल्यावर रमजानमध्ये रोज संध्याकाळी रोजा सोडायला खरी जुनी तोफ उडवतात, आजूबाजूच्या गावांना ऐकू जाते, लोक त्यावर रोजा सोडतात. मग आपल्या थाळनेर, लळिंग, सोनगीर, पारोळ्याच्या पोरांनी राजांच्या जयंतीला एक बार उडवला तर लगेच गुन्हा काबरं? अमेरिकेत एक फुटली म्हणून आपण आपली रीत सोडायची हे मला पटत नाही. काळजी घ्या म्हणा, बंद करा म्हणू नका. माणसं लांब उभी करा, लांबून बत्ती द्या, झालं.

किल्लेप्रेमी यावल:
आप्पा, रायसेनचं उदाहरण तुम्ही चांगलं काढलंत, पण ते तुमच्या विरुद्ध जातं. तिथे जिल्हा प्रशासन रमजानच्या महिन्यापुरता परवाना देतं, पिढीजात तेच काम करणारी माणसं ती तोफ चालवतात, महिना संपला की साफ करून प्रशासनाकडे जमा. जुनी तोफ, ठरलेली जागा, ठरलेली माणसं. भंगारातली नळी आणि शेजारचा फॅब्रिकेटर याच्याशी त्याचा संबंध नाही. उखळीचं म्हणाल तर तिथेही दर वर्षी कुणाचा हात, कुणाचा डोळा जातोच, आपण फक्त दोन दिवस हळहळतो.

आणि गर्दी लांब उभी करा हे मिरवणुकीत जमतं का हो? पारोळ्याची बाजारपेठ डोळ्यासमोर आणा, गच्चीवर बाया-पोरं, खाली ढोल. लांब म्हणजे किती लांब?

चाळीसगाव वकील:
कायद्याचं थोडक्यात लिहितो कारण कुणी बोललं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये तोफखान्याची शस्त्रं व्याख्येतच आहेत आणि शस्त्राचे भाग पण शस्त्रातच धरतात. विनापरवाना बनवणं हा गुन्हा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, तोफेसारखं प्रतिबंधित शस्त्र असेल तर किमान १०, जास्तीत जास्त जन्मठेप. कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण जे दुरुस्त करूनही चालणार नाही त्यालाच. तुम्ही तर चालवायलाच दुरुस्त करताय, म्हणजे सूट संपली. काळी दारू २००८ च्या स्फोटक नियमांत पहिल्याच वर्गात येते, ती विनापरवाना बनवणं, बाळगणं वेगळा गुन्हा. आणि कुणी जखमी झालं तर अध्यक्ष, खजिनदार, वेल्डर, बत्ती देणारा, सगळ्यांची नावं एफआयआरमध्ये. पोरं पोलीस भरतीची, आर्मी भरतीची तयारी करतायत ना, त्यांना आधी हे वाचायला द्या.

शिंदखेड्याचा आप्पा:
कायदा तुमचा मान्य वकीलसाहेब, पण मग परवाना मागायचा रस्ता तर सांगा. मागितला की कुणी देत नाही, म्हणून लोक लपून करतात.

बहिणाई अमळनेर:
भाऊ, मी आईच्या नात्यानं लिहिते. माझ्या माहेरी एक चुलतभाऊ उखळीनं हाताची बोटं घालवून बसला, तेव्हा विशीत होता, लग्न जमत नव्हतं, कापूस वेचायलाही एका हाताचा. आवाज ना नादमा पोरं कोनी? आपलीच ना. मंडळाचे मोठे लोक परवानगी देतात आणि बत्ती द्यायला पुढे होतो अठरा वर्षाचा पोरगा, नेहमी असंच होतं. तुम्हाला उडवायचीच असेल तर ज्यांना भारी हौस आहे त्या पदाधिकाऱ्यांनी स्वतःच्या मुलाला शेजारी उभं करून विचार करा.

रावेरचा केळीवाला:
एक सुचवतो, तोफ नको तर आम्ही शेतात रानडुकरं हाकलायला कार्बाइडचा पाइप वापरतो, आवाज जबरदस्त, दारू लागत नाही, वेल्डिंग नाही. तो मिरवणुकीत आणला तर?

जळगाव एनडीटी:
दादा अजिबात नको. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच कार्बाइड गननं शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, बहुतेक लहान मुलं, काहींची नजर गेली. पेटत नाही म्हणून पोरगं पाइपात वाकून बघतं आणि तेव्हाच बार होतो. बऱ्हाणपूर तुमच्या शेजारीच आहे, तिकडच्या कुणालाही विचारा.

भुसावळचा निवृत्त:
काळ्या दारूबद्दल एक राहिलं. गॅरेजवाले म्हणतात ती कमजोर असते. प्रेशर कमी असेल, पण तिच्या स्वभावाकडे बघा. जळाल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन रूपात उरतं, त्यातलं काही धुरात जातं आणि बाकीचं घट्ट काजळी होऊन नळीत चिकटतं. त्यात एखादी ठिणगी धुमसत राहिली आणि वरून नवी दारू ओतली की भरणाऱ्याच्या हातातच बार होतो, जुने गोलंदाज दर बारानंतर ओला बोळा फिरवायचे ते याच्यासाठी. आणि ती काजळी हवेतलं पाणी ओढते, चार महिने मंडळाच्या खोलीत नळी पडली, पावसाळा गेला, की आत गंजाचे खड्डे, नेमके त्या बुचाच्या फटीत जिथं गज पोचत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी समजा वाचलात, तरी दुसऱ्या वर्षीची तोफ ती पहिल्या वर्षीची राहिलेली नसते. काळी दारू घर्षणानं, कपड्याच्या स्टॅटिकच्या ठिणगीनं पण पेटते, आमच्याकडे तिच्या खोलीत जाताना बूट बदलावे लागायचे, अंगावरचं लोखंड काढून ठेवावं लागायचं. मिरवणुकीत ती पिशवीत घेऊन फिरणारं पोरगं आणि बाजूला बिडी ओढणारा, एवढंच डोळ्यासमोर आणा.

पारोळेकर:
सगळ्यांचं वाचलं, मंडळाच्या ग्रुपवर पण टाकलं. फटीचा आणि स्टीलचा मुद्दा फॅब्रिकेशनवाल्याला वाचून दाखवला, तो गप्प झाला, म्हणे मी एमएसचं म्हणजे साध्या लोखंडाचं काम करतो, हे स्टील मला माहीत नाही. वकील साहेबांचं वाचून भरतीवाली पोरं स्वतःच मागे सरकली. आता नुसती शोभेची तोफ ठेवायची असा विचार आहे, लाकडी गाडा सुताराकडून करून घेऊ, त्यावर तीच नळी, आत काँक्रीट भरून. ते तरी चालेल ना?

चाळीसगाव वकील:
नळी खरंच तोफेची असेल तर तो शस्त्राचा भाग, काँक्रीट भरलं तरी आधी ती तुमच्या ताब्यात कशी आली ते विचारतील. भंगारवाल्याकडे लिलावाचा कागद आहे का बघा. कागद नसेल तर हात लावू नका, लाकडाची नाहीतर फायबरची नळी करा.

गॅरेजवाला धुळे:
वेल्ड करून उडवायची नाही इथपर्यंत मी आलो, एनडीटी ताईंनी पटवलं. पण आप्पांच्या बाजूनं एवढं म्हणतो की जिल्ह्यात एका ठिकाणी तरी रीतसर परवान्याची, नीट ओतलेली, तपासलेली सलामीची तोफ असावी, प्रशासनानं सांभाळलेली. रायसेनला जमतं तर खानदेशात का नाही? नुसतं नको नको म्हणून पोरं थांबत नाहीत.

भुसावळचा निवृत्त:
त्या मागणीला माझी सही घ्या, आणि तशी तोफ झाली तर दारूच्या बाजूचं शिकवायला मी स्वतः येईन, पैसे नकोत.

पारोळेकर भाऊ, एक महत्त्वाचं राहतंय. त्या भंगारवाल्याकडे तोफेची नळी खरंच असेल तर त्याच्या ढिगात अजून काय पडलंय? देवळालीसारख्या फायरिंग रेंजच्या आसपास लोक पितळेसाठी शेल गोळा करून विकतात आणि फोडताना मरतात. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन ६ जण गेले, आणि तिथे तर ते काम लष्कराच्याच ठरलेल्या जागेवर चाललं होतं. त्या दुकानात शेलसारखं, टोकदार, जड, बंद तोंडाचं काही दिसलं का? दिसलं असेल तर उचलू नका, हलवू नका, दुकानदाराला कटर बंद करायला सांगा आणि तिथूनच ११२ ला फोन लावा.

पारोळेकर:
मागच्या बाजूला पितळी नळकांडी होती काका, ढिगात. बंद तोंडाची होती का ते बघितलं नाही. आत्ता फोन लावतो.